अभ्यासक्षेत्र : ‘मिरा-भाईंदर’ म्हणजे नेमकं कुठे?

सिनॉप्सिसमध्ये ‘अभ्यासक्षेत्र’ नावाचा एक रकाना असतो. पेट पास झालेले, कोर्सवर्क चालू असलेले बरेच जण तो पाच मिनिटांत भरून मोकळे होतात. विषय ठरवायला सहा महिने, साहित्याच्या आढाव्याला चार, आणि अभ्यासक्षेत्राला पाच मिनिटं. तिथे साधारण असं लिहिलेलं सापडतं : ‘सदर संशोधन मिरा-भाईंदर महानगरपालिका क्षेत्रापुरते मर्यादित आहे. क्षेत्रफळ 79.4 चौ. किमी, 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 8,09,378.’ वाक्यात चूक काही नाही. आरआरसीसमोरही ते चालून जातं. पण तुमच्या प्रबंधाचे निष्कर्ष काय येणार, हे बऱ्याच अंशी त्या एका वाक्यात ठरून गेलेलं असतं आणि ते तुम्ही ठरवलेलं नसतं.

या लेखात एवढंच समजावून सांगायचं आहे. शहराचा अभ्यास करायचा म्हणजे शहराच्या आतल्या वस्त्यांचा अभ्यास करायचा, आणि ‘वस्ती’ कुठे सुरू होते नि कुठे संपते याचं उत्तर नकाशात तयार ठेवलेलं नसतं. उदाहरण म्हणून मिरा-भाईंदर घेतोय, कारण इथे एका दिवसात, दोन बस आणि एका रिक्षाच्या खर्चात, हा सगळा गोंधळ डोळ्यांनी बघता येतो.

आधी शहराचा जन्मदाखला पाहू. 1985 साली काही ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपालिका झाली. उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे ही पश्चिमेची गावं आणि घोडबंदरकडचं वरसावे नंतर आत आलं. 2002 साली महानगरपालिका झाली. म्हणजे ‘मिरा-भाईंदर’ नावाचं एक शहर 1985 च्या आधी कागदावरही नव्हतं. खाडीकाठची आणि समुद्राकाठची गावं होती, मिठागरं होती, रेल्वेची स्टेशनं होती. 2001 ची लोकसंख्या 5,20,388 आणि 2011 ची 8,09,378, म्हणजे दहा वर्षांत साधारण 55 टक्के वाढ. ही तुलना चालते, कारण तोवर सगळी गावं आत आली होती. पण हाच आलेख 1981 पर्यंत मागे नेलात तर मधल्या काळात हद्दच बदललेली असते. लोक वाढले की गावं जोडली गेली, हे वेगळं करता येत नाही. आजची हद्द धरून जुन्या जनगणनेतल्या त्या-त्या गावांचे आकडे बेरजेने मागे न्यावे लागतात. काम कंटाळवाणं आहे. ते एक प्रकरण वाचवतं.

आता नावांकडे या. पुराभिलेखात किंवा ऑनलाइन शोधताना इथली नावं हमखास दगा देतात. ‘धारावी’ टाका, मुंबईतली धारावी येईल. पण वसईच्या मोहिमेच्या कागदांत जी धारावी येते ती ही नव्हे. ती भाईंदरच्या पश्चिमेचं बेट. चौक इथल्या टेकडीवर धारावीचा किल्ला होता, समोर पाण्यापलीकडे वसई. 1737 ते 1739 च्या लढाईत या जागेला महत्त्व होतं ते त्यामुळेच. मे 1739 मध्ये वसई चिमाजी आप्पांच्या हाती आली, त्याआधी हे बेट घेणं भाग होतं. डोंगरी, उत्तन, पाली, तारोडी, गोराई, मनोरी ही या बेटावरची गावं, आणि तिथले लोक आजही ‘धारावी बेट’ हा शब्द वापरतात. तसंच वरसावे. महामार्गावरच्या पुलाला इंग्रजी बातम्यांत ‘वर्सोवा ब्रिज’ म्हणतात आणि वाचणाऱ्याला अंधेरीचा वेसावे कोळीवाडा आठवतो. दोन्हींमध्ये चांगलंच अंतर आहे. ‘साष्टी’ तर गोव्यातही आहे. घोडबंदरचं स्पेलिंग ठाणे गॅझेटियरमध्ये एक, मोजणीच्या कागदांत दुसरं, बसच्या पाटीवर तिसरं. आणि मिरा, मीरा, मिरे हे एकाच गावाचे तीन अवतार.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एक वही करा. प्रत्येक गावाचं, पाड्याचं, नगराचं नाव आणि त्याची सापडतील तेवढी रूपं : मराठी, मोडी कागदांतलं, पोर्तुगीज, इंग्रजी, लोकांच्या तोंडचं. मी तर म्हणेन की एसपीएसएस शिकायच्या आधी हे करा. कुणी शिकवत नाही आणि कुणी विचारतही नाही, पण याच्याशिवाय शोध घेतलात तर निम्मे कागद तुमच्यासाठी नसल्यासारखेच.

चला, आता फिरू. भाईंदर स्टेशनला पश्चिमेला उतरा आणि उत्तनची महापालिकेची बस पकडा. बाजार, सोन्याची दुकानं, जैन मंदिरं, उंच इमारती संपतात आणि मुर्धे लागतं. मग राई, मग मोर्वा. रस्त्याच्या कडेला खाजण, तिवरं, मिठागराचे चौकोन. इथे आगरी समाजाची जुनी वस्ती आहे. पुढे डोंगरी, मग उत्तन. वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. पण तेवढ्यात तुम्ही ज्या शहराला एक ‘क्षेत्र’ म्हटलंत त्यातले उद्योग बदलले, बोली बदलली, देवळाच्या जागी चर्च आलं, नि घराची रचनाही बदलली.

उत्तनला थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त शिकवणारी जागा ही. डोलजाळी लावणारे कोळी, वेलंकनी मातेचं तीर्थमंदिर, भाटे बंदर, बांबूच्या मांडवांवर रांगेने सुकणारे बोंबील. बहुतांश वस्ती ख्रिस्ती, स्वतःला ईस्ट इंडियन किंवा ख्रिस्ती कोळी म्हणवणारी. (‘ईस्ट इंडियन’ हे नाव या समाजाने 1887 मध्ये घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास. पोर्तुगीज काळातल्या कागदात हा शब्द शोधत बसू नका.) आता तुमच्या प्रश्नावलीत ‘घराचं क्षेत्रफळ’ असा एक प्रश्न आहे असं धरा. कोळ्याचं घर कुठे संपतं? चार भिंती म्हटल्या तर दोन खोल्या. पण मासळी सुकते ती जागा, जाळी शिवायची जागा, होडी ओढून ठेवायची जागा, ही सगळी घराच्या कामाचीच असते आणि बहुतेकदा कुणा एकाच्या नावावर नसते. उपग्रहाच्या चित्रात ती ‘मोकळी जमीन’ दिसते. गावठाणातल्या घरांचा सातबाराही नसतो. नगर भूमापन झालं असेल तरच मिळकत पत्रिका सापडते. म्हणजे जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतो तोच कागदावर सगळ्यात फिका, आणि पाच वर्षांपूर्वी फ्लॅट घेतलेला माणूस सगळ्यात ठळक.

हा नुसता तात्त्विक मुद्दा नाही. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांच्या सीमा आखून द्या, अशी मच्छीमारांची जुनी मागणी आहे, ती याचसाठी. विकास आराखडा असो, किनारा व्यवस्थापनाचा नकाशा असो, ज्या जागेला नाव आणि रेषा नाही ती मोकळी धरली जाते. मेट्रो 9 च्या कारशेडचं बघा. आधी जागा राई-मुर्धे-मोर्वा परिसरात ठरली, गावकऱ्यांनी विरोध केला, मग ती डोंगरीला नेली आणि तिथे बारा हजारांहून जास्त झाडांचा प्रश्न उभा राहिला. कोण बरोबर हे इथे सांगायचं नाही. पण अशा वेळी कुठल्यातरी अहवालात ‘परिसरातील बाधित लोकसंख्या’ असा आकडा येतो, आणि तो कुठल्या रेषेच्या आतला यावर सगळं अवलंबून असतं. उद्या तुमचा प्रबंध असल्या अहवालाच्या तळटिपेत जाऊ शकतो.

आणखी एक गंमत. उत्तनहून त्याच रस्त्याने पुढे गेलात तर गोराई. मासळी तीच, नाती तीच, बोली जवळजवळ तीच. पण मध्ये हद्द ओलांडली. गोराई-मनोरी बृहन्मुंबईत, उत्तन ठाणे जिल्ह्यात. ‘महानगरपालिका क्षेत्रापुरते मर्यादित’ या तीन शब्दांनी तुम्ही एका बेटाचे दोन तुकडे केलेत. कधीकधी तेच योग्य असतं. पाणीपुरवठ्यावर काम करत असाल तर पालिकेची हद्द हीच खरी हद्द. पण लग्नसंबंध, मासेमारी किंवा बोलीवर काम असेल तर ती रेषा तुमच्या विषयाला लागूच नाही.

किती रेषा आहेत ते एकदा मोजून बघा. पालिकेची हद्द एक. विधानसभेला शहराचा बराच भाग मिरा-भाईंदर मतदारसंघात, पण काही भाग ओवळा-माजिवड्यात. पोलीस पूर्वी ठाणे ग्रामीणचे, 1 ऑक्टोबर 2020 पासून मिरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयाचे. म्हणजे गुन्ह्यांची आकडेवारी त्या तारखेला दुसऱ्याच टोपलीत गेली. चर्चच्या दृष्टीने उत्तन मुंबईच्या महाधर्मप्रांतात, समोरची वसई 1998 पासून स्वतंत्र धर्मप्रांत. महसुलाची गावं आणखी वेगळी. 2017 च्या पालिका निवडणुकीत 95 जागा 24 प्रभागांत वाटलेल्या होत्या, आणि प्रभागरचना निवडणुकीगणिक बदलते. प्रत्येक खात्याची माहिती त्याच्या रेषेप्रमाणे गोळा होते. या रेषा एकमेकींवर नीट बसतील अशी अपेक्षा ठेवू नका.

परत भाईंदरला या आणि पूल ओलांडून पूर्वेला जा. स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, गाळ्यांच्या रांगा, नवघर रोड. कामगारांच्या अभ्यासासाठी ही जागा सोन्यासारखी आहे, पण तो वेगळा लेख. तिथून एक स्टेशन मागे, मिरा रोड.

मिरा रोडच्या पूर्वेला वस्तीची रचनाच उलटी आहे. उत्तनला आधी माणसं, मग नाव, मग (कदाचित) नकाशा. इथे आधी बिल्डरचा नकाशा, मग नाव, मग माणसं. शांती नगरला सेक्टर आहेत, त्यात बिल्डिंगा, त्यात विंग. यादी हवी असेल तर सोसायटीचं रजिस्टर आहे. नमुना निवडायला याहून सोपी जागा नाही, आणि म्हणूनच मुंबईच्या उपनगरांवरचं संशोधन सोसायट्यांकडे झुकतं, असं माझं मत आहे. जिथे यादी मिळते तिथे संशोधक जातो.

या नकाशामागेही इतिहास आहे. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात जादा जमिनीला सूट मिळायची, दुर्बल घटकांसाठी ठरलेल्या दरात घरं बांधायच्या अटीवर. शांती नगर बांधणाऱ्या शांतीस्टार बिल्डर्सचा याच सवलतीवरून झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1990 च्या निकालात न्यायालयाने राहण्यायोग्य निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. घटनेच्या कलम 21 वर लिहिणारे कायद्याचे विद्यार्थी हा निकाल पाठ करतात. त्यातली फर्म कुठल्या स्टेशनबाहेर घरं बांधत होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

जवळच नया नगर. 1980 च्या आसपास वसायला लागलं, आणि 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं इथे आली. महसुली नकाशावर ‘नया नगर’ नावाचं गाव नाही. जमिनीचे सर्व्हे नंबर कुठल्या तरी जुन्या गावाच्या खात्यात आहेत. मग त्याची सीमा कुठली? पाच जणांना विचारा. रिक्षावाला एक नाका सांगेल, घरांचा एजंट दुसरा, आत राहणारी शाळेतली मुलगी तिसरा, आणि बाहेर राहणारा माणूस कदाचित सगळ्यात मोठी रेघ मारेल. केव्हिन लिंच यांनी 1960 मध्ये ‘द इमेज ऑफ द सिटी’त हेच तंत्र वापरलं : लोकांना शहराचा नकाशा आठवून काढायला सांगायचा आणि त्यातले रस्ते, कडा, भाग, नाके आणि खुणेच्या जागा बघायच्या. एक कोरा कागद आणि पेन्सिल पुरते. पण इथे जपून. पाच नकाशांतला फरक म्हणजे चुका नव्हेत, तोच तुमचा डेटा. एखादी रेघ भीतीने मोठी झालेली असू शकते, एखादी घरांच्या भावामुळे लहान. ‘नया नगरमध्ये भाड्याने घर द्याल का?’ आणि ‘मिरा रोडला घर द्याल का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि कृपा करून शोधनिबंधात वस्तीला एका धर्माचं विशेषण लावून पुढचं पान उलटू नका. ते आधी वर्तमानपत्रांनी केलेलं आहे.

पूर्वेला आणखी पुढे महामार्ग, काशीगाव, मग चेणे, आणि मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. इथले पाडे प्रभागाच्या सरासरीत बेपत्ता होतात. कसे ते साध्या हिशेबाने सांगतो. आकडे कल्पित आहेत. समजा एका प्रभागात 1,000 घरं. त्यातली 900 सोसायट्यांत, सगळ्यांना घरात नळ. उरलेली 100 पाड्यांवर, त्यातल्या 20 घरांना नळ. प्रभागाची सरासरी 92 टक्के. छान दिसते ना? आता तीच हद्द जरा सरकवा, पाडे वेगळे काढा. एक भाग 100 टक्के, दुसरा 20 टक्के. घरं तीच, नळ तेच, पाण्याचा एक थेंबही इकडचा तिकडे नाही. बदलली ती फक्त रेषा. भूगोलात याला मॉडिफायेबल एरियल युनिट प्रॉब्लेम म्हणतात. 1979 मध्ये ओपनशॉ आणि टेलर यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या 99 काउंट्या वेगवेगळ्या प्रकारे एकत्र करून दाखवलं की दोन गोष्टींमधला सहसंबंध, नुसत्या सीमा बदलून, जोरदार उण्यापासून जोरदार अधिकापर्यंत हवा तिथे नेता येतो. व्हायवाला भूगोलाचा परीक्षक आला तर हा प्रश्न येतोच.

रेषेबरोबर वेळही ठरवावी लागते, हे लोक विसरतात. मिठागर ऑगस्टमध्ये बघायला गेलात तर तिथे पाणी आणि बगळे. मीठ पिकतं ते पावसाळा संपल्यावर, मजूर येतात तेही तेव्हाच. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, त्या काळात उत्तनला लोक घरी सापडतात, मुलाखतीला निवांत वेळ देतात. पण व्यवसाय बघायचा असेल तर तो तेव्हा बंद. तुमच्या विद्यापीठाची फील्डवर्कची सुट्टी कुठल्या महिन्यात येते त्यावर तुमची ‘वस्ती’ ठरू देऊ नका.

आणि जमीन हा विषय असेल तर आणखी मागे जावं लागेल. 1870 मध्ये ब्रिटिश सरकारने मिरे, भाईंदर, घोडबंदर या गावांतली जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना 999 वर्षांच्या पट्ट्याने दिली. खारं पाणी अडवायला बांध घालणं हा त्यामागचा हेतू. त्या कागदावरून आजही इथल्या जमिनींच्या हक्कांचे वाद निघतात. म्हणजे ज्या शहराचा जन्म 1985 चा, त्याच्या एका इमारतीच्या बांधकाम परवानगीत 1870 डोकावतं.

तर मग रकान्यात काय लिहायचं? समजा विषय आहे ‘मासेमार कुटुंबांतील स्त्रियांचे श्रम’. मी असं लिहीन : ‘हा अभ्यास धारावी बेटावरील उत्तन, पाली व चौक (मिरा-भाईंदर महानगरपालिका, जि. ठाणे) आणि गोराई (बृहन्मुंबई) येथील कोळीवाड्यांत होईल. कोळीवाड्याची सीमा प्रभागावरून न घेता स्थानिक मच्छीमार स्त्रियांनी काढलेल्या नकाशांवरून ठरवली जाईल. त्यात मासळी सुकवण्याच्या, विकण्याच्या आणि जाळी शिवण्याच्या जागांचा समावेश असेल. एकक : चूल. निरीक्षणाचा काळ : बंदीचे दोन महिने आणि नंतरचा पूर्ण हंगाम. जनगणना व प्रभागनिहाय आकडेवारी केवळ पार्श्वभूमीसाठी वापरली जाईल.’ पाच-सहा ओळी जास्त होतात. गाइड म्हणतील, लांब झालं. ‘एकक : चूल’ वाचून कुणीतरी हसेल. तेव्हा सांगायचं की एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर मासळीच्या पैशांचा हिशेबही दोनदा होतो, आणि ‘कुटुंबप्रमुख’ विचारलंत तर उत्तर एकाच पुरुषाचं येतं.

गावात जाण्याआधी परवानगीचं पण बघून ठेवा. उत्तनला मच्छीमार सोसायटी आणि चर्चचे फादर, सोसायटीत सेक्रेटरी, पाड्यावर तिथले जाणते. प्रत्येकाचं दार वेगळं आणि प्रत्येक जण तुम्हाला ‘आपल्या’ माणसांकडे पाठवतो. त्यामुळे नमुना कसा कलंडतो, आणि तो सरळ कसा करायचा, यावर पुढच्या लेखात. तोवर एका रविवारी भाईंदरहून वसईची रो-रो फेरी घ्या (फेब्रुवारी 2024 पासून चालू आहे), खाडीच्या मधोमध उभं राहून दोन्ही काठ बघा आणि आपलं अभ्यासक्षेत्र कुठल्या काठावर थांबतं ते वहीत लिहून काढा. कारणासकट.